दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळताना

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

दुकानाचं इन्स्टाग्राम तू हातात घेतेयस, हे ऐकून फार बरं वाटलं. फक्त फॉलोअर विकत घेऊ नकोस. पैसे मोजून आलेले हजारो लोक कुठले, कोण जाणे; त्यातला एकही चिंचपोकळीला उतरून आपल्याकडे मिरची घ्यायला येणार नाही.

लालबागला बायका विरार-कल्याणहून का येतात, ते तू लहानपणापासून बघतेयस. मिरची त्या स्वतः निवडतात, बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला. मोडून वास घेतात. धणे भाजून झाले की दोन दाणे बोटांत चुरडून बघतात. मग नाकाला पदर लावून मसाला कुटायच्या यंत्रासमोर, डंकासमोर, उभ्या राहतात आणि आपला मसाला कुटून डब्यात पडेपर्यंत जागच्या हलत नाहीत. आपला सगळा धंदा या डोळ्यांदेखत होण्यावर चालतो. फोनवरही तेच दाखव. देठ काढलेली मिरची, कढईतली खसखस, डंकाचा ठोका. वर गाणं लावू नकोस, तो आवाजच लोकांना हवा असतो.

लोक बघतात इन्स्टाग्रामवर, पण ऑर्डर येते व्हॉट्सअ‍ॅपवर. बिझनेस अ‍ॅपमध्ये कॅटलॉग फुकट करता येतो. त्यात भाव स्पष्ट लिही. ‘भावासाठी मेसेज करा’ हे मला अजिबात पटत नाही, गिऱ्हाईक तिथूनच परत जातं. मिरचीचा भाव हलता, म्हणून शेजारी तारीख टाक. ब्रॉडकास्ट लिस्टमधला, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला, मेसेज आपला नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, तेव्हा बिल देतानाच नंबर सेव्ह करायला सांगायचं. आणि रोज सुप्रभात नको. नवी मिरची आली, पावसाआधी मसाला करून घ्या, एवढ्यापुरताच मेसेज. नाहीतर लोक ब्लॉक करतात.

गूगल मॅपवर गल्लीच्या तोंडापासून पाटीपर्यंतचे फोटो चढव. गणपतीत रस्ते बंद असतात, गर्दीत दुकान सापडत नाही. त्या दिवसांतली वेळ तिथे आधीच बदलून ठेव.

पाकिटं विकायला काढशील तेव्हा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ आकडी नंबर आणि पॅकिंगची तारीख छापल्याशिवाय एकही बाहेर जाऊ देऊ नकोस. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तरी आधी आपल्या खात्यात बघ, मगच कुरिअर. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे दुकानातल्या पोरांनाही सांग.

कुणी पोस्टखाली वाईट लिहिलं तर पुसू नकोस. मसाला खारट झाला असं कुणी म्हणालं तर त्याच दिवशी फोन लाव, परत कुटून दे, आणि काय केलं ते तिथेच खाली लिही. पुढचं गिऱ्हाईक तेच वाचून येतं.

तुझे,
बाबा