भायखळ्याहून, शनवार तेल्यांच्या आजींना

ती. आजींना,
सप्रेम सलाम.

तुम्ही म्हणाल, आभार कसले मानतेस गं, परकी का आहेस? पण तुम्ही मुलाकडे इस्रायलला, अश्दोदला निघालात त्या दिवशी मी परीक्षेच्या सुपरव्हिजनला अडकले होते. घरी आले तर तुमच्या दाराला कुलूप. चौकटीवरचा मेझुझा, तुम्हा ज्यू लोकांच्या दारावरची ती शास्त्रवचनांची छोटी डबी, काढून नेलेला, तिथे फक्त दोन खिळ्यांची भोकं. नातू मोबाइलवर वाचून दाखवेल म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. आणखी चार लोकांनी वाचलं तरी बिघडत नाही, वाचावंच.

ती मुलगी आठवतेय ना, आमच्या शब्बाथ शाळेतली, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गातली, सहावीतली? बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय चालू होता, देवाने सहा दिवसांत सृष्टी केली तो. सहा दिवसांची सहा चित्रं, रंगवायला दिलेली. तिने हात वर केला. "टीचर, गिल्बर्ट हिल कितव्या दिवशी झाली?" शाळेची सहल अंधेरीला गेली होती. तिथल्या बसाल्टच्या उभ्या खांबांसमोर उभं करून त्यांना सांगितलं होतं की हा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वर्ग हसला. मी म्हटलं, देवाला सगळं शक्य आहे, रंगवा बरं. तिने रंगवलं आणि पुन्हा हात वर. "सूर्य चौथ्या दिवशी केला ना? मग पहिल्या तीन दिवशी संध्याकाळ कशी झाली?"

वीस वर्षं शिकवतेय, आजी. तो अध्याय जवळपास पाठ आहे. आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

ती गोष्ट सांगायला मी तुमच्याकडे आले ते नेमकं शुक्रवारी दिवेलागणीला. तुम्ही काचेच्या पेल्यात आधी पाणी ओतलं, मग अलगद खोबरेल, मग वात. खोबरेल पाण्यावर तरंगून स्थिर होईपर्यंत मला बोलू दिलं नाहीत. दिवा लागला, हात डोळ्यांवर ठेवून तुम्ही म्हणायचं ते म्हटलंत आणि मग विचारलंत, "आज वार कुठला?"

"शुक्रवार."

"तुझा. आमचा शनिवार लागला."

एकाच जिन्यात राहून हे मला कधी सुचलं नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा दिवस सूर्योदयाला लागतो, त्यांची तिथीही उदयाचीच. माझा मध्यरात्री बाराला, घड्याळात. तुमचा सूर्य बुडाला की. म्हणून तर उत्पत्तीत "संध्याकाळ झाली, सकाळ झाली" असा क्रम आहे, संध्याकाळ आधी. मी इतकी वर्षं तो मुलांकडून घोकून घेत होते, आणि मनातल्या मनात सकाळपासून मोजत होते.

मग तुम्ही वडिलांचं पुस्तक काढलंत. ते हझान होते, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे, तुम्हा बहिणींनाही हिब्रू शिकवलं, हे मला तेव्हा कळलं. बोट ठेवून वाचलंत: योम एहाद. आमच्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, तिथे "पहिला दिवस" आहे. तुम्ही म्हणालात, एहाद म्हणजे पहिला नव्हे, एक. "एक दिवस." पुढे मात्र शेनी, शलीशी, दुसरा, तिसरा असंच. मग पहिल्यालाच "एक" का? त्यावर तुम्ही राशींची टीप सांगितलीत. (हे राशी म्हणजे अकराव्या शतकातले फ्रान्समधले भाष्यकार, राशिभविष्याशी संबंध नाही. माझा झालेला गोंधळ वाचणाऱ्यांचा होऊ नये म्हणून सांगितलं.) ते म्हणतात, त्या दिवशी जगात देव एकटाच होता, म्हणून एक. मोजायला दुसरं काही नव्हतंच. सूर्याबद्दलही त्यांचं उत्तर आहे: ज्योती पहिल्याच दिवशी घडवल्या, चौथ्या दिवशी आपापल्या जागी टांगल्या. खरं सांगू? मला ते ओढूनताणून वाटलं. तुम्हालाही वाटत असावं, कारण सांगताना तुम्ही हसलात.

मी मात्र आकड्यावरच अडून बसले होते. चोवीस तास की हजार वर्षं? तेव्हा तुम्ही जे विचारलंत ते मी नंतर निदान दहा जणांना सांगितलंय: "सुनेला दिवस गेलेत म्हणतो, तेव्हा तू तास मोजतेस?" मग तिथल्या तिथे दाखवलंत. पाचव्या ओवीत उजेडालाच दिवस म्हटलंय, म्हणजे अर्धाच. त्याच ओवीत पुढे संध्याकाळ आणि सकाळ मिळून एक दिवस. आणि दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओवीत आकाश आणि पृथ्वी केली "त्या दिवशी", म्हणजे सगळे सहा एका दिवसात. एकच शब्द, योम.

मी खूश होऊन म्हटलं, म्हणजे लांबलचक युगं! तुम्ही लगेच कान धरलात. "घाई करू नकोस. दहा आज्ञांत काय लिहिलंय? सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी विसावा घे, कारण देवानेही तसंच केलं. तिथे दिवस म्हणजे युग धरलंस, तर मी स्वयंपाक किती कोटी वर्षं करायचा?" तुम्ही मला सोपी वाट एकाही बाजूने दिली नाहीत. त्या संध्याकाळी राग आला होता, आता त्याचेच आभार मानतेय.

त्यानंतर मी स्वतः वाचायला बसले. वाटत होतं, ही सगळी कटकट डार्विनपासूनची, म्हणजे १८५९ नंतरची. छे! तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने आमच्या त्या मुलीचाच प्रश्न विचारलाय: सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस कसा, हे कोणता शहाणा माणूस मान्य करेल? पुढे बिशप ऑगस्टीन तर म्हणून गेला की ते दिवस कसले होते हे कल्पणंही आपल्याला फार कठीण, कदाचित अशक्य. त्याच्या मते देवाने सगळं एकदमच केलं. उलट चौथ्या शतकातला बिशप बेसिल चोवीस तासांवर ठाम होता, पुढे मार्टिन ल्यूथरही साध्या सहा दिवसांवर. १६५० साली आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी बायबलातल्या वंशावळ्या जुळवून सृष्टीचं साल ख्रिस्तपूर्व ४००४ काढलं, तारीखसुद्धा, २३ ऑक्टोबर. तेही आदल्या संध्याकाळपासून धरून, तुमच्यासारखं. नंतर ते साल इंग्रजी बायबलांच्या समासात छापलं जाऊ लागलं, आणि लोकांना ते शास्त्रातलंच वाटायला लागलं.

आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनाही तसंच वाटतं. मी वर्गात ओरिगेनचं नाव घेतल्याचं त्यांच्या कानावर गेलं. भक्तीनंतर बाहेर चपला घालताना ते म्हणाले, मुलांच्या डोक्यात काहीबाही भरवू नका. दोन रविवार माझा वर्ग दुसऱ्या टीचरकडे गेला. तेव्हा तुम्ही मला चहा दिलात, त्यांना नावं ठेवली नाहीत आणि मलाही ठेवू दिली नाहीत. "त्यांना चौथी आज्ञा, शब्बाथ पाळायची, सुटेल अशी भीती वाटते," एवढंच म्हणालात.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंचंही सांगते. त्या म्हणाल्या, आमच्या संकल्पात रोज श्वेतवाराहकल्प म्हणतो, कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षं; आणि पृथ्वीचं वय शास्त्रज्ञ सांगतात साधारण ४५४ कोटी, बघ किती जवळ! मला गंमत वाटली, पण त्यावर इमारत बांधावीशी वाटली नाही. आकडे जवळ आले म्हणजे जुळले असं नाही. आमच्यातही हजार वर्षं म्हणजे एक दिवस धरून हिशेब जमवणारे आहेत, त्यांनाही मी तेच म्हणते.

मला खरं उत्तर मिळालं ते तुमच्या गोष्टीतून. गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागलेली तुमच्या पूर्वजांची ती सात जोडपी, सगळे ग्रंथ समुद्रात गेलेले. मग कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. उत्पत्तीचा अध्याय हाताशी नाही, योम म्हणजे काय हे विचारायला कुणी नाही, आणि दर सातव्या दिवशी बैल सोडलेला. तुमच्या पणज्याला कुणी विचारलं असतं की सृष्टीचा दिवस किती तासांचा, तर तो काय म्हणाला असता? बहुतेक, आज शनिवार आहे, तेल उद्या घ्या.

हे मी वर्गात सांगितलं. पोरं त्या दिवशी गप्प होती.

अजून एक. १८३२ मध्ये मुंबईतले मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. तुमच्या लोकांना हिब्रू शिकवावी आणि जमलं तर ख्रिस्ती करावं, हा मिशनऱ्यांचा मनसुबा. जवळपास दोनशे वर्षांनी एका ख्रिस्ती मास्तरणीला भायखळ्यात तुम्ही हिब्रूची चार अक्षरं शिकवलीत, तिने धर्म बदलावा असं काही मनात न आणता. फेड झाली म्हणायची.

त्या पेल्यांपैकी एक तुम्ही माझ्यासाठी शेजारच्यांकडे ठेवून गेलात. पोहोचला. तळाशी तेलाचा पिवळा कडा आहे, तो मी घासलेला नाही.

मुलीने आता नवीन काढलंय. प्रत्येक दिवसाला संध्याकाळ झाली, सकाळ झाली असं आहे, सातव्यालाच नाही. "टीचर, मग तो दिवस संपला की अजून चालूच आहे?" मी या वेळी रंगवायला सांगितलं नाही. आजींना विचारते म्हटलं. तर शनिवारी तिकडे तीन तारे दिसून शब्बाथ संपला की फोन करा. आमच्याकडे रात्रीचे अकरा वाजतील, चालेल. तिने आईकडून जागं राहायची परवानगी काढून ठेवली आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची मास्तरीण