ताडोबाच्या गवताचीही बातमी छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

१ ऑक्टोबरला ताडोबाचे कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला राखीव गाभा, पावसाळ्यानंतर पुन्हा पर्यटकांसाठी उघडले आणि लगेच आपल्या पहिल्या पानावर बछड्यांसह वाघिणीचा फोटो आला. फोटो सुंदर होता. वाघिणीच्या मागे हिरवेगार गवत होते आणि गवताच्या कडेला निळसर जांभळ्या फुलांचे, रानतुळशीचे दाट तण. माझी नजर त्या रानतुळशीवरून हलेना. मी वनरक्षक म्हणून नोकरीला लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो आणि नोकरीतला बराच काळ कुरणांच्या कामावर घालवला. त्या फोटोत जे दिसले, त्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. राज्यातले ते पहिले. १९८६ मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. कोअर क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. ऐकायला हे मोठे वाटते, पण त्यात बहुतेक साग आणि बांबू. चितळाला मोकळे चरायला लागते, तसे कुरण त्या मानाने थोडे. जे आहे त्यातले बरेच जामणी, नवेगाव, बोटेझरी अशा गावांच्या जागी तयार झाले. लोक घरदार सोडून बाहेर आले, धानाच्या बांध्या पडीक राहिल्या आणि त्यांत गवत आले. नीट पाहिले तर जुने धुरे, म्हणजे शेतांचे बांध, अजून ओळखू येतात, गावातली चिंचेची आणि मोहाची झाडे उभी दिसतात. पर्यटकांना ज्या जागी हमखास चितळांचे कळप आणि त्यांच्या मागावर आलेला वाघ दिसतो, ती जागा कुणाची तरी शेती होती. हे आपल्या वाचकांना कुणी सांगत नाही.

एका वाघाला वर्षाकाठी चितळाएवढी साधारण पन्नास जनावरे लागतात. म्हणजे वाघ मोजण्याआधी चितळ मोजायला हवीत आणि चितळांच्याही आधी गवत. मारवेल, पवना ही गवते चितळ आवडीने खातात. कुसळी कोवळी असेपर्यंत खातात, एकदा तिला कुसळे धरली की तोंड लावत नाहीत. रानतुळस, गाजरगवत आणि घाणेरीला तर कुठलेच जनावर सहसा विचारत नाही. आमच्याकडे तरोट्याच्या कोवळ्या पानांची भाजी पहिल्या पावसानंतर घरोघर होते, पण तोच तरोटा कुरणात माजला की त्याच्या सावलीत गवताला उन्हाची तिरीप मिळत नाही. चितळ आजूबाजूचे गवत खाऊन जातात आणि तरोटा तेवढा उभा राहतो. पुढच्या वर्षी तो दुप्पट जागा घेतो. लांबून बघणाऱ्याला कुरण हिरवेच दिसते. गाडीतून जाणाऱ्या साहेबालाही हिरवेच दिसते.

रानतुळस उपटायचे काम कसे चालते, ते थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. पाऊस होऊन माती मऊ असतानाच ते करावे लागते. रोप बुंध्याशी, अगदी मातीला लागून धरायचे आणि सरळ वर ओढायचे. वरून धरले तर ते तुटते आणि खालून चार फांद्या फुटतात. विळ्याने कापले तरी तेच. उपटलेल्या रोपांचा मुळे वर करून ढीग लावायचा, नाहीतर ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतात. तिचा उग्र वास हाताला लागतो आणि साबणाने जात नाही. कामावर येणाऱ्या बाया सांगायच्या, घरी भाकरी थापतानाही तो वास येतो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हे काम रोप फुलावर येण्याआधी, म्हणजे ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संपले पाहिजे. एकदा बी धरले की उपटणे म्हणजे पेरणे. तिचे बी ओले झाले की सब्जासारखे बुळबुळीत होते आणि बुटाला, खुराला, टायरला चिकटून पुढच्या कुरणात जाते.

आता मुद्द्याचे. हे काम दरवर्षी त्याच पट्ट्यात निदान चार-पाच वर्षे करावे लागते, कारण मातीत पडलेले बी पुढे कित्येक पावसाळे उगवत राहते. एक वर्ष केले आणि दुसऱ्या वर्षी सोडले तर पहिल्या वर्षाचा पैसा मातीत गेला असेच समजावे. म्हणून कुरणाच्या कामाची मंजुरी आणि पैसा जुलैत हातात असला पाहिजे. ऑक्टोबरमध्ये आलेला पैसा खर्ची पडतो, तण मात्र तसेच राहते. एवढी साधी गोष्ट अंदाजपत्रक करणाऱ्यांनी मनावर घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी गोष्ट मुरमाची. जंगलातले रस्ते, पाणवठ्यांचे बांध, संरक्षण कुट्यांचे अंगण यांसाठी बाहेरून मुरूम येतो. ज्या खाणीच्या कडेला गाजरगवत माजले आहे, तिथला मुरूम आत टाकला तर पुढच्या पावसात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाजरगवताची रांग उभी राहते आणि तिथून ते कुरणात उतरते. मुरूम उचलण्याआधी खाण जाऊन बघावी आणि तण असेल तर दुसरी खाण धरावी. याला जास्तीचा पैसा लागत नाही. बाहेरून काम करून आलेल्या ट्रॅक्टर आणि जेसीबीचीही चाके गेटवर धुवावीत.

तण वाढल्याचा त्रास फक्त चितळांना होत नाही. रानतुळशीचे खोड हिवाळ्यानंतर वाळून काडीसारखे उभे राहते आणि १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू झाला की तीच काडी वणव्याला वाट देते. आग जाते, गवताचे ठोंब जळतात आणि मोकळ्या जागेत पुन्हा आधी तणच येते. आत चारा नसला की चितळ आणि रानडुकरे बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतीच्या गावाशेतांच्या पट्ट्यातल्या, धानावर, हरभऱ्यावर येतात. त्यांच्या मागे वाघ येतो. मग शेतात गेलेला माणूस किंवा गुराखी सापडतो आणि ती बातमी आपण छापता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी हे सोसले आहे. संघर्षाची कारणे आणखीही आहेत, वाघांची संख्या वाढली आहे आणि कोअरबाहेर त्यांना जागा अपुरी आहे, हे मला मान्य आहे. पण कुरण आपल्या हातातली गोष्ट आहे.

हे काम बफरमधल्या गावांतल्या आणि पुनर्वसन झालेल्या गावांतल्या लोकांनाच आधी मिळावे. निंदणाची सवय असलेली बाई गवताचे कोवळे रोप आणि तणाचे रोप बोटभर उंचीवरच ओळखते. बाहेरचा ठेकेदार आणलेल्या मजुरांकडून सरसकट सगळे उपटून घेतो, त्यात मारवेलही जाते. मजुरी आठवड्याच्या आठवड्याला मिळावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकलेल्या गवताचे बी गोळा करून सावलीत वाळवण्याचे आणि ते पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर उघड्या पट्ट्यांत टाकण्याचे कामही याच बायांना द्यावे. जिथे मी हे होताना पाहिले, तिथे तिसऱ्या पावसाळ्यात चितळांचे कळप परत आले.

संपादक महोदय, सफारीचे दर वाढले, वाघाने रस्ता अडवला, जिप्सींची गर्दी झाली, हे सगळे छापून येते आणि यावे. पण आपल्या वार्ताहराला पुढच्या ऑगस्टमध्ये, कोअरमधले पर्यटन बंद असताना, रीतसर परवानगी काढून एकदा कुरणाच्या कामावर पाठवा. तिथल्या बायांना विचारू द्या, कोणत्या पट्ट्यात यंदा काम झाले, कोणत्यात राहिले आणि का राहिले. त्यांची उत्तरे वाघिणीच्या फोटोएवढ्याच जागेत छापा.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त वनपाल
भद्रावती, जि. चंद्रपूर