ती बीएसए नव्हे, मॅचलेस

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पणजीतल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याची छायाचित्रं आहेत. त्यातल्या तिसऱ्या छायाचित्राखाली ‘दुसऱ्या महायुद्धातली १९४२ची बीएसए’ अशी ओळ छापली आहे. मोटरसायकल सुरेख आहे, मालकाने पॉलिश करताना हात आखडता घेतलेला नाही. पण ती बीएसए नव्हे. पन्नासेक वर्षं हात काळे केलेला माणूस म्हणून हे सांगतो.

टाकीवर बीएसएचा बिल्ला आहे, हे मलाही दिसलं. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेलं ते चिन्ह, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या त्या कारखान्याचा मूळ धंदा बंदुकांचा असल्याचं सांगणारं. बिल्ला मात्र बाजारात विकत मिळतो, आणि टाक्या तर आपल्याकडे गोठ्यातल्या गुरांसारख्या एका घरातून दुसऱ्या घरात जातात. मी स्वतः बुलेटची टाकी लावलेली एरियल, म्हणजे दुसऱ्याच एका कंपनीची इंग्लिश गाडी, पाहिली आहे. ओळख इंजिनावरून पटवायची.

युद्धात बीएसएने फौजेला दिली ती प्रामुख्याने एम२०. ४९६ सीसीची, साइड व्हॉल्व्हची (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), पुढच्या चाकाला गर्डर फोर्क, म्हणजे सांगाड्यासारखे दांडे. अशा लाखाहून अधिक गाड्या बनल्या. साइड व्हॉल्व्हचं इंजिन ठेंगणं असतं, वर सपाट हेड, बाहेर पुशरॉडच्या, म्हणजे वरचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या, नळ्या नाहीत. तुमच्या छायाचित्रात सिलिंडरच्या उजव्या अंगाला दोन चकचकीत नळ्या उभ्या आहेत आणि पुढे टेलिस्कोपिक फोर्क, नळीत नळी सरकणारा. म्हणजे एम२० बाद.

मग कोणी म्हणेल, बीएसएची बी३१ असेल. तिला ओव्हरहेड, म्हणजे वर हेडमध्ये बसवलेले, व्हॉल्व्ह आहेत आणि टेलिस्कोपिक फोर्कही. पण ती बाजारात आलीच १९४५ला, आणि तिच्या दोन्ही पुशरॉड एकाच रुंद आवरणात असतात. इथे नळ्या सुट्या, दोन. ३५० सीसीत अशा नळ्या, टेलिस्कोपिक फोर्क आणि मागे सस्पेन्शन नाही, हे सगळं एकत्र आलं की मला लंडनमधल्या प्लमस्टेडचा कारखाना आठवतो. तिथे मॅचलेस आणि एजेएस एकाच छपराखाली बनायच्या. सख्ख्या बहिणीच त्या. ओळखायची खूण मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र: सिलिंडरच्या पुढे असेल तर एजेएस, मागे असेल तर मॅचलेस. १९५२पासून मॅचलेसनेही तो पुढे नेला आणि आमची ती सोय गेली. छायाचित्रात मॅग्नेटो स्पष्ट मागे आहे. गाडी मॅचलेस जी३एल.

शंका राहिली तर हेड उघडून व्हर्नियर लावायचा. बी३१चं बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७१ मिलिमीटर, मॅचलेसचं ६९. फोंड्याला तिस्कावर आमचं गॅरेज होतं, तिथे वडिलांनी अशा कितीतरी पैजा जिंकल्या. पैज बहुधा चहाची असायची.

एवढ्या बारकाव्याचं काय, असं कुणाला वाटेल. मला ते महाग पडलं आहे. वडिलांची स्वतःची मॅचलेस १९५६ची, जी३एलएस, मागे ते फुगीर शॉक अॅब्सॉर्बर असलेली. इंग्रज त्यांना जॅमचे डबे म्हणत, आमच्या घरी तुपाचे डबे. गोवामुक्तीनंतर कागदपत्रं नव्याने करायची वेळ आली तेव्हा गाडी घेऊन काका गेले. लिहिणाऱ्याने विचारलं, कंपनी कुठली? काकांना इंग्लिश गाडी म्हणजे बीएसए एवढंच ठाऊक. झालं. नोंद झाली ‘बीएसए’.

२०२१च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. मीही अर्ज केला. इंजिनावरचा क्रमांक ५६/जी३एलएसने सुरू होणारा, कागदावर बीएसए. अर्ज परत. पुन्हा दिला, पुन्हा परत. दोष त्या कारकुनाचा नव्हता, त्याच्यासमोर दोन गोष्टी जुळत नव्हत्या. शेवटी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पोर्तुगीज काळातलं लिव्रेत, म्हणजे गाडीचं नोंदणीपुस्तक, सापडलं. त्यात नीट ‘मॅचलेस’ लिहिलेलं. शिवाय इंग्लंडमधल्या एजेएस-मॅचलेस मालकांच्या क्लबकडून कारखान्याच्या नोंदीचा दाखला मागवला. तिसऱ्या खेपेला एक तरुण निरीक्षक गाडीजवळ उकिडवा बसला. मी क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं आवरण, रॉकेलच्या फडक्याने पुसून वर खडू घासला, तसे आकडे पांढरे होऊन वर आले. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि सही केली.

म्हणून ही तक्रार. तुमच्या अंकाचं कात्रण कापून लोक फाइलला लावतात. उद्या हा मालक किंवा त्याचा मुलगा तेच कात्रण घेऊन कुठल्या तरी टेबलापुढे उभा राहील. कृपया दुरुस्ती छापावी.

मालकाला एक विनंती. रंगकाम पुन्हा करायचं झालं तर सँडब्लास्टिंगवाल्याला क्रँककेस देण्याआधी क्रमांकावर पक्की टेप लावा, आणि बफिंग तर तिथे नकोच. अॅल्युमिनियम मऊ असतं, आकडे गेले की कायमचे गेले. पंच मारून नवे घातलेले आकडे जाणकाराला लगेच कळतात. सीटखालचा फ्रेम क्रमांकही बघा. तो इंजिनाच्या क्रमांकाशी जुळणार नाही, घाबरू नका, प्लमस्टेडच्या गाड्यांचं तसंच असतं. मॅग्नेटो मागे आहे म्हणजे गाडी १९५२च्या आधीची, एवढं मी घरबसल्या सांगू शकतो. १९४२ की १९४७, ते खडू लावूनच कळेल.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक, फोंडा