खनिजाचा पैसा आणि पुढची पिढी

महोदय,

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याचा पश्चिम भाग मुख्यतः गहू आणि गुरे यांवर जगणारा. आडवे खोदकाम करून आणि दाबाने खडक फोडून बाकेन नावाच्या खडकाच्या थरातील तेल काढणे शक्य झाल्यावर तेथे एवढी धावपळ झाली की, २०१४ मध्ये राज्याचे दैनंदिन उत्पादन दहा लाख पिंपांच्या पुढे गेले. विलिस्टनसारख्या लहान शहरात घरभाडी कडाडली, कामगारांना वस्तीच्या तात्पुरत्या खोल्यांत राहावे लागले आणि अवजड ट्रकांनी गावरस्ते उखडले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले.

नॉर्थ डकोटाची ही हकीकत वाचताना मला आमची गोव्यातील डिचोली आठवते. आमच्या लोहखनिजाला चीनची मागणी वाढली तेव्हा आमच्या वाड्यावर घरटी टिपर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, आले. माझ्या थोरल्या भावाने आईचे दागिने गहाण ठेवून आणि बँकेचे कर्ज काढून टिपर घेतला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा हप्ते निम्मेही फिटले नव्हते. टिपरच्या हौद्यात पावसाळ्यात गवत उगवले, ते मी पाहिले आहे. खालच्या शेतात खाणीची लाल माती साचली होती, त्यामुळे पुन्हा नांगर धरायलाही वाव राहिला नाही.

फरक आहे तो पैसा राखण्याचा. नॉर्थ डकोटाच्या मतदारांनी २०१० मध्येच, म्हणजे तेजी ऐन भरात येण्यापूर्वी, राज्यघटनेत दुरुस्ती करून तेल व वायूवरील कराच्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग एका कायम निधीत टाकण्याचे ठरवले आणि २०१७ च्या मध्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही, असे बंधनही घातले. आपल्याकडे असा निधी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितला, खनिजाच्या विक्रीमूल्याच्या १० टक्के. म्हणजे आपणहून सुचले नाही, न्यायालयाला सांगावे लागले, याचे मला फार वाईट वाटते.

आता लिलाव झालेल्या खाणी पुन्हा सुरू होत आहेत. म्हणून माझी सरकारला कळकळीची विनंती आहे की, या निधीत किती रक्कम जमा झाली, ती कोठे गुंतवली आणि व्याज कशावर खर्च झाले, याचा हिशेब दरवर्षी विधानसभेत मांडावा आणि खाणपट्ट्यातील प्रत्येक ग्रामसभेत मराठी व कोंकणीतून वाचून दाखवावा. मुद्दल मोडू नये, अशी कायद्यात तरतूद करावी. पिसुर्ले किंवा मये या खाणगावांतील आज शाळेत जाणाऱ्या मुलांचाही त्या खनिजावर हक्क आहे.

आपला,
एक वाचक, डिचोली