मंत्रीसाहेब, आईला ऐकू कमी येतं, पण वाचता येतं

माननीय माहिती व प्रसारण मंत्री, भारत सरकार यांस,
सप्रेम नमस्कार.

इंदूरहून लिहितेय, सुदामानगरातून. तक्रारच करायची आहे, मराठी सिनेमाला मराठी सबटायटल्स नसल्याची, पण आधी सिनेमाच्या गप्पा होणार, कारण आमच्याकडे रात्री साडेनऊनंतर दुसरं काही होतच नाही. मी, भाची आणि आई. आई ७८ वर्षांची, दोन्ही कानांनी अधू. मशीन आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून डबीत. टीव्हीचा आवाज इतका की खालच्या भाभी दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या की विचारतात, काल एपिसोड अर्धाच का सोडला?

सध्या 'पंचायत'चा चौथा सीझन संपवला. आईला ही सिरियल घरची वाटते, कारण त्यातलं फुलेरा गाव गोष्टीत बलियाकडचं असलं तरी शूटिंग आपल्या सीहोरजवळच्या महोडियातलं, आणि सीहोरला आमची मावशी होती. माझं मत विचाराल तर २०२० चा पहिला सीझन तो पहिलाच. चाकांच्या खुर्चीवरून एक अख्खा एपिसोड काढला होता हो त्यांनी, काही घडत नव्हतं तरी हलवत नव्हतं. आता सगळं इलेक्शन, लौकी विरुद्ध कुकर अशी निशाणं, घोषणा आणि ढोल, आणि तो गावाचा निवांतपणा गेला. आईचं म्हणणं वेगळंच, "बायका उभ्या आहेत ना, मग बोलतायत नवरेच का?" यावर मी काय बोलणार.

'लापता लेडीज' मात्र तिने तीनदा पाहिला. तोही सीहोरकडचाच. त्यात स्टेशनवर चहाचा ठेला चालवणारी मंजूमाई म्हणजे आपल्या छाया कदम, त्या दिसल्या की आई पुढे सरकून बसते. आता गंमत बघा, मंजूमाई काहीतरी खणखणीत बोलते, आम्ही दोघी हसतो, मग मी ते वाक्य आईच्या कानात ओरडते, आणि आई अर्ध्या मिनिटाने हसते. तोवर पुढचे दोन डायलॉग गेलेले असतात, मग रिमोट, मागे, परत पुढे. दोन तासांचा सिनेमा तीन तास चालतो.

'पाताल लोक'चा दुसरा सीझन तर विचारूच नका. मला फार आवडला, नागालँडची ती थंडी आणि हाथीरामचा तो थकलेला चेहरा, पण निम्मं काम अंधारात आणि माणसं कुजबुजतात. इथल्या सानंद संस्थेच्या मराठी नाटकांना आई पुढच्या रांगेत बसून नटांचे ओठ वाचते आणि तिचं छान भागतं, इथे अंधारात ओठ कुठून दिसणार? दुसऱ्या एपिसोडला उठून झोपायला गेली. 'द डिसाइपल' पाहताना मात्र हलली नाही. कुमारजींना देवासला समोर बसून ऐकलेली बाई आहे ती, गाण्याचा सिनेमा म्हटल्यावर बसणारच. रात्री रस्त्यावरून मोटरसायकल चाललीय आणि नायकाच्या हेडफोनमध्ये त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं हळू हळू बोलणं, तो आवाज सुमित्रा भाव्यांचा. सगळा सिनेमा त्या बोलण्यात आहे, आणि आई मला विचारते, काय म्हणतायत? ते मी ओरडून कसं सांगू? माईंची वाक्यं ओरडून सांगायची असतात का?

तर मुद्दा हा. मागच्या महिन्यात एक मराठी सिनेमा लावला (नाव नको), सबटायटल्सची यादी उघडली, इंग्रजी होतं, परदेशी भाषा चार-पाच होत्या, मराठी नाही. मराठी सिनेमाला मराठी नाही! आईने चष्मा पुसून दोनदा बघितलं. तिला इंग्रजी येत नाही, पण पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते.

ही आयडिया काही माझी नाही. बोलणं ज्या भाषेत, खाली अक्षरंही त्याच भाषेत, ही कल्पना १९९६ साली अहमदाबादच्या आयआयएममधून निघाली आणि १९९९ मध्ये दूरदर्शनच्या गुजराती गाण्यांच्या कार्यक्रमात सुरूही झाली. तीही बहिऱ्यांसाठी नाही, नुकतंच वाचायला शिकलेल्यांची वाचनाची सवय टिकावी म्हणून. तुमच्याच मंत्रालयाने २०१९ च्या सप्टेंबरात टीव्ही चॅनलवाल्यांसाठी कर्णबधिरांच्या सोयीचे निकष काढले. पण २०२१ चे ओटीटीचे नियम वाचले (भाचीने काढून दिले) तर त्यात या सोयीबद्दल जे आहे त्याचा अर्थ 'जमेल तितपत' असाच निघतो. वयाचं मात्र पक्कं, १३+, १६+. म्हणजे या एपिसोडमध्ये शिव्या आहेत हे कोपऱ्यात लिहून येतं, कोणत्या आहेत ते आईला कळत नाही.

आणि हे काय फार खर्चाचं काम आहे का? डायलॉग आधी कुणीतरी लिहिलेलेच असतात ना, ते टायमिंगला बसवून खाली टाकायचे.

भाचीचंही सांगते. शाळा हिंदी मीडियम, मराठी समजते पण बोलताना "मी जाऊन राहिली" करते, आमच्या इंदूरची मराठी तशीही निम्मी हिंदीच, चालायचं. पण देवनागरी तिला येते. मराठी ऐकताना खाली मराठी दिसली तर तिचंही काम होईल, आणि महाराष्ट्राबाहेर अशी पोरं घरोघरी आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते साहेब.

खाजगी कंपन्यांना नंतर सांगा, आधी घरचं बघा. २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसार भारतीने वेव्हज ॲप काढलं, त्यात मराठी आहे. तिथल्या जुन्या मराठी मालिका-नाटकांपासून सुरुवात करा, प्रत्येकाला मराठी अक्षरं, साइझ मोठी करता येईल अशी. मग नियमातलं ते 'जमेल तितपत' काढून तिथे तारीख टाका.

उत्तर पाठवलंत तर मोठ्या टायपात पाठवा. पत्र आधी आईच उघडते.

आपली,
सुदामानगर, इंदूरची एक प्रेक्षक