चार वह्या शेजारी ठेवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

रात्री घरात माणसं उभी दिसतात म्हणून आईने फोन केला आणि तुम्ही तिच्या घरी आलात, ती त्या पत्त्यावरची पोलिसांची तिसरी खेप होती. आधीच्या दोन्ही वेळी आलेल्यांनी खोल्या पाहिल्या, कड्या-कुलपं तपासली, ‘कुणी आढळलं नाही’ अशी नोंद केली आणि ते निघून गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात खरोखरच कुणी नव्हतं. तुम्हालाही कुणी सापडलं नाही, पण तुम्ही लगेच निघाला नाहीत. खुर्ची ओढून आईसमोर बसलात आणि विचारलंत, ‘‘आजी, ती माणसं काही बोलतात का?’’

‘‘बोलत नाहीत. नुसती उभी असतात. टोप्या घालून.’’

‘‘चालताना पावलं वाजतात?’’

आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘नाही. तेच तर नवल.’’

हे सगळं आईनेच मला नंतर सांगितलं, शब्दन् शब्द. कारण त्याआधी तिला कुणी असं विचारलंच नव्हतं. आम्हा तीन भावंडांपैकी एकालाही हा प्रश्न सुचला नाही. मी रोज संध्याकाळी फोन करायचे आणि ती माणसांचा विषय काढायला लागली की ‘‘आई, तिथे कुणी नाही गं’’ एवढंच म्हणायचे, तेही वरच्या पट्टीत. आता ते आठवलं की पोटात तुटतं.

गेल्या काही महिन्यांत आईच्या घरी कोण कोण येऊन गेलं होतं! जिन्यावरून दोनदा पडली, दोन्ही वेळा रुग्णवाहिका आली. एकदा गॅसजवळचं फडकं पेटलं, शेजाऱ्यांनी अग्निशमन दलाला बोलावलं. गोळ्यांची अदलाबदल झाली, ती आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी पकडली. शिवाय रात्री-अपरात्री पोलीस. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं, आपल्या वहीत नोंद केली आणि वही मिटली. ज्या रुग्णालयात तिला नेलं, तिथे हाड मोडलेलं नाही हे पाहून ‘वय झालं आता, जपून चाला’ असं सांगून घरी पाठवलं. आणि आम्ही भावंडं दबक्या आवाजात एकमेकांना सांगू लागलो होतो की आईच्या डोक्यात फरक पडलाय. तिला आता कुठे ठेवायचं, याची चौकशीही सुरू झाली होती. तिला न विचारता.

ताई, तुम्ही मात्र पहिल्यांदा तिलाच विचारलंत. ‘‘तुमच्याबद्दल मी अग्निशमनवाल्यांशी, रुग्णवाहिकेवाल्यांशी आणि नर्सबाईंशी बोलले तर चालेल का? या घरात सुरक्षित राहण्यापुरतंच बोलेन, बाकी काही नाही.’’ ती हो म्हणाल्यावरच तुम्ही फोन उचललात. वयाने मोठ्या माणसाचं भलं करायच्या घाईत त्याची संमती घ्यायचं आपण सगळेच विसरतो. तुम्ही विसरला नाहीत, याचं मला सगळ्यात जास्त अप्रूप आहे.

आरोग्य केंद्रातल्या त्या लहानशा खोलीतली बैठक मी जन्मभर विसरणार नाही. पंख्याखाली एक टेबल, भोवती तुम्ही चौघं, कोपऱ्यात मी. अग्निशमन दलाचे दादा म्हणाले, ‘‘गॅस बारीक होता. निळी ज्योत. फडकं अगदी तिला टेकवून ठेवलेलं. आजींना ज्योत दिसलीच नसावी असं मला तेव्हाच वाटलं होतं, पण आग विझली, आम्ही निघालो.’’ रुग्णवाहिकेवरचे दादा आपली नोंद चाळत म्हणाले, ‘‘दोन्ही वेळा शेवटचीच पायरी. जिना संपला असं समजून पाऊल टाकलंय.’’ नर्सबाई म्हणाल्या, ‘‘ज्या गोळ्या बदलल्या, त्या दोन्ही पांढऱ्या. आकारही सारखाच.’’ आणि शेवटी तुम्ही सांगितलंत, की माणसं दिसतात ती अंधार पडल्यावर, आणि आवाज कसलाच येत नाही.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग नर्सबाईंनी मान वर करून मला विचारलं, ‘‘आजींचे डोळे शेवटचे कधी तपासले होते?’’

मला उत्तर देता आलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू निघाला, दुसऱ्यात दृष्टिपटलाचा मधला भाग झिजलेला. नेत्रतज्ज्ञांनी त्या टोपीवाल्या माणसांचंही नाव सांगितलं: शार्ल बॉने सिंड्रोम. डोळ्यांकडून मेंदूला मिळणारी माहिती फार कमी झाली की मेंदू ती रिकामी जागा स्वतःच चित्रांनी भरून काढतो. चेहरे, माणसं, प्राणी, नक्षी, काहीही दिसतं, पण ते मुकं असतं. याला वेड म्हणत नाहीत, आणि हा स्मृतिभ्रंशही नाही. बॉने हे स्विस निसर्गशास्त्रज्ञ होते. मोतीबिंदूने दृष्टी गेलेल्या आपल्या आजोबांना अशी माणसं, पक्षी, इमारती दिसतात आणि तरीही त्यांची बुद्धी ठणठणीत आहे, हे त्यांनी १७६० साली लिहून ठेवलं होतं. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षं हे माहीत आहे. तरीही ज्यांना असं दिसतं, त्यातले कितीतरी लोक आपल्याला वेड्यात काढतील या भीतीने कुणालाच सांगत नाहीत. आईने निदान पोलिसांना तरी सांगितलं!

पडणं, जळणं, गोळ्या चुकणं, माणसं दिसणं. आम्हाला ही चार संकटं वाटत होती. मूळ एकच होतं, आणि ते चार वह्यांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी लिहिलेलंही होतं. कमी होती ती त्या वह्या एकमेकींशेजारी ठेवणाऱ्या माणसाची.

त्यानंतर जे झालं त्यात मोठं, खर्चिक असं काहीच नव्हतं. अग्निशमन दलाच्या दादांनी प्रत्येक पायरीच्या कडेला जाड पिवळी पट्टी चिकटवली आणि शेवटच्या पायरीला दुहेरी. गॅसच्या बटणांवर बोटाला लागतील असे फुगीर ठिपके लावले, म्हणजे बंद-चालू हाताला कळतं. धूर झाला की वाजणारी घंटी छताला बसवली. नर्सबाईंनी सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्यांचे दोन डबे केले, एक चौकोनी, एक गोल. घरासमोरचा रस्त्यावरचा दिवा कित्येक दिवस बंद होता, तो तुम्ही पालिकेच्या मागे लागून सुरू करून घेतलात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या डोळ्याचं गेलेलं परत येणार नाही, पण राहिलेलं सांभाळता येईल असं डॉक्टर म्हणाले. आई आपल्याच घरात आहे, आणि आम्ही सुरू केलेली ती चौकशी कधीच बंद झाली.

पट्ट्या आणि ठिपक्यांबद्दल इतकं लिहिलं, कारण लोकांना ते किरकोळ वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, आणि त्यात वयस्कर माणसांचं प्रमाण सर्वाधिक आहे. माझी आई त्या आकड्याच्या किती जवळ जाऊन आली होती, हे ती पिवळी पट्टी पाहिली की कळतं.

हे सगळं झाल्यावर मी बरंच वाचत गेले. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाचे जबड्याचे शल्यविशारद होते. मारामारीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्या कितीतरी लोकांची पोलिसांकडे नोंदच नसते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग रुग्णालयाच्या स्वागतकक्षात तीन गोष्टी विचारायला सुरुवात झाली: कुठे झालं, कधी झालं, कशाने मारलं. रुग्णाचं नाव-गाव वगळून ती माहिती पोलीस आणि पालिकेला नियमित मिळू लागली, आणि गस्त कुठे, किती वाजता घालायची हे ठरवता येऊ लागलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच इतर शहरांच्या तुलनेत, मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण तिथे सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. ते वाचताना मला तुमचं ते टेबल डोळ्यांपुढे आलं. तीच रीत. एकाकडे असलेली माहिती, ज्याला तिचा उपयोग आहे त्याच्यापर्यंत, लागेल तेवढीच पोहोचवायची.

आता एक गोष्ट, जी आभारांच्या पत्रात लिहावी की नाही असा मी विचार केला, आणि मग लिहायचीच असं ठरवलं. ती बैठक तुम्ही पाळी संपल्यावर, स्वतःच्या वेळात घेतलीत. रुग्णवाहिकेवरचे दादा रात्रपाळी करून तसेच आले होते, त्यांचे डोळे लाल झाले होते. तुम्हा चौघांपैकी कुणाच्याही कामाच्या यादीत ही बैठक नव्हती. तुमच्याजागी दुसरं कुणी आलं असतं तर? तुम्ही भल्या आहात म्हणून आई वाचली, हे खरं आहे, आणि नेमकं तेच मला रात्री झोपू देत नाही. ज्या पत्त्यावरून पुन्हा पुन्हा हाक येते, त्या पत्त्यांसाठी महिन्यातून अर्धा तास चौघांनी एकत्र बसायचं, आणि तो अर्धा तास कामाचाच धरायचा, एवढं तरी व्हायलाच हवं. मी वरिष्ठांना तसं लेखी कळवलं आहे. तुमची तारीफ केली आहेच, पण तुमच्यासाठी वेळही मागितला आहे.

अग्निशमन दलाच्या दादांना, रुग्णवाहिकेवरच्या दादांना आणि नर्सबाईंना हे पत्र जरूर दाखवा. नर्सबाईंना सांगा, चौकोनी डबा सकाळचा हे आता माझ्याही तोंडपाठ झालंय.

आणि आईचा निरोप. परवा रात्री खिडकीपाशी पुन्हा दोघं उभे होते. तुमच्या बैठकीनंतर डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं तिने आधी दिवा लावला, मान न हलवता नजर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवली, मग उठून हात पुढे केला. हाताला पडदा लागला. माणसं गेली. ती परत येऊन झोपली. सकाळी मला फोनवर हे सांगताना तिचा आवाज इतका मोकळा होता की मी नुसती ऐकत राहिले. शेवटी म्हणाली, ‘‘त्या पोलीस मुलीला कळव, काल ते आले होते, पण मी फोन केला नाही.’’

तुमची कृतज्ञ,
त्या आजींची थोरली मुलगी