आणलंत, आता कसं झालं तेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महामार्गावरच्या अपघाताच्या बातमीत शेवटी 'जखमींची प्रकृती स्थिर आहे' असे वाचले की मला अस्वस्थ व्हायला होते. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एका रुग्णालयात मी २६ वर्षे परिचारिका होते, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत गेली. जखमी आल्यावर पहिला तासभर 'स्थिर' हा शब्द मी कधी तोंडातून काढला नाही. त्याचे कारण सांगते.

एका पावसाळी संध्याकाळी विशीतला एक मुलगा आला. दोघांनी त्याला रिक्षातून उतरवून स्ट्रेचरवर ठेवले आणि पोलिसांचे लचांड नको म्हणून निघून गेले. मागोमाग रिक्षाही गेली. गुडघा खरचटलेला, बाकी अंगावर जखम नाही. नाव, गाव, घरचा नंबर सगळे नीट सांगत होता. बीपी ११८/८०, म्हणजे अगदी ठीक. शेजारी डोके फुटलेला माणूस ओरडत होता, त्यामुळे साहजिकच सगळे तिकडे. पण या मुलाची नाडी १२४, म्हणजे फार वेगाने चालत होती आणि पाय गार. मी त्याचे नख दाबून सोडले. एरवी दोन सेकंदांत गुलाबी होते, ते चार-पाच सेकंद पांढरेच राहिले. "सिस्टर, पाणी द्या ना," एवढेच तो सारखे म्हणत होता.

मी डॉक्टरांना हाक मारली, तेवढ्यात रिक्षावाले काका त्याची राहिलेली चप्पल द्यायला परत आले. मी विचारले, "काका, पडला कसा हा?" ते म्हणाले, "गाडी स्लिप झाली आणि हँडल पोटात घुसलं. उचलला तेव्हा पोट धरूनच होता." सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले. प्लीहा (बरगड्यांखालचा डावीकडचा, रक्ताने भरलेला अवयव) फाटली होती. रक्ताच्या पिशव्या आल्या, ऑपरेशन थिएटर उघडले, मुलगा वाचला. चप्पल रिक्षातच राहिली असती तर काका आले नसते, हे मी अजून विसरलेले नाही.

'पेशंट शॉकमध्ये आहे' असे सांगितले की नातेवाईक म्हणतात, "हो, फार घाबरलाय." हा शॉक भीतीचा नव्हे, अंगातले रक्त कमी पडल्याचा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले लिटरभर गेले तरी तरुण शरीर बीपी टिकवून धरू शकते. हातापायांच्या, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळून ते हृदयाकडे आणि मेंदूकडे रक्त वळवते. म्हणून पाय गार पडतात, घाम फुटतो, तहान लागते. बीपी कोसळते तेव्हा फार वेळ हातात उरलेला नसतो. वयस्कर माणसांचे तर आणखी अवघड, कारण बीपीच्या काही गोळ्या नाडीही वाढू देत नाहीत. (पाणी मात्र पाजू नका. ऑपरेशनची वेळ आली तर उलटी होऊन ते फुफ्फुसात जाऊ शकते.)

अशा वेळी मार कसा लागला हे कळले तर कुठे शोधायचे ते कळते. आंब्यावरून टाचांवर पडलेला गडी टाच दुखते म्हणतो, आणि मोडलेला असतो पाठीचा मणका. पुढे बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आदळला तर खुबा निखळलेला असू शकतो. स्टिअरिंग वाकले असेल तर छाती बघायची. त्याच गाडीतला दुसरा जागीच गेला असेल, तर आमच्यापुढचा कितीही चालता-बोलता असो, त्याच्यावरून नजर काढायची नाही. हे सगळे फक्त तिथे हजर असलेल्याला ठाऊक असते, आणि तोच दारातून परत जातो.

जाण्यामागची भीती मला समजते. पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-ए हे कलम आले. जखमीला चांगल्या हेतूने आणणाऱ्यावर त्यापायी खटला होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. तेव्हा नाव सांगू नका हवे तर, पण पाच मिनिटे थांबून सिस्टरला सांगा: कशावर आदळला, किती उंचीवरून पडला, हेल्मेट होते का, मध्ये शुद्ध गेली होती का. मोबाइलवर गाडीचा फोटो असेल तर दाखवा.

चूक आमच्या बाजूचीही आहे. दारात पहिला प्रश्न 'तुम्ही कोण?' असा येतो, तिथेच माणूस बिचकतो. 'कसं झालं?' हे आधी विचारून केसपेपरवर सर्वात वर लिहिले जावे. आणि नाडी एकदा मोजून भागत नाही, दर पंधरा मिनिटांनी बघावी लागते. रात्रपाळीला चार स्ट्रेचर आणि सिस्टर एकटी असेल, तर चौथ्याचे सलाइन लावून ती पहिल्याकडे वळेपर्यंत त्याचे पाय गार पडलेले असतात. रिक्त पदांची बातमी आपण छापता, तेव्हा हेही छापावे ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, जि. रत्नागिरी